काटा रेघेखाली

"मावशी, हँडल मागे घ्या जरा! झोपलात की काय?"

मालक शिडीवरून अर्धा वर आला होता आणि केबिनच्या काचेवर अंगठी वाजवत होता. मावशीने ऐकलंच नाही असं दाखवलं. खाली जत्रेतल्या त्या खोलीएवढ्या पिंपात माणसं गोल भिंतीला पाठ लावून गरागरा फिरत होती. त्यांच्या पायाखालचा तळ केव्हाच खाली गेला होता आणि वेगाचा काटा लाल रेघेवर सुखाने बसला होता. कोणी किंचाळत होतं, कोणी हसत होतं. घसरत मात्र कोणी नव्हतं.

"मावशी!"

तिने हँडल मागे ओढलं. काटा रेघेखाली उतरला. आधी गुळगुळीत कापडाचा झगा घातलेली एक बाई घसरली, मग तिच्या शेजारची. अंग खाली आलं, कपडे मात्र भिंतीच्या रबराला धरून वरच राहिले. कपडे सावरायला बाई धडपडते, पण फिरत्या पिंपात हात भिंतीवरून सुटता सुटत नाही. वर कठड्याभोवती उभ्या असलेल्यांनी शिट्ट्या मारल्या. मालक समाधानाने शिडी उतरला.

मावशीला किळस आली. पिंपात बसणारे ओकायचे आणि ती ते पुसायची, त्याची किळस केव्हाच मेली होती. ही किळस नवी होती आणि ती पाण्याने जात नव्हती.

पिंप आधी तिचा नवरा चालवायचा. बाकी सगळ्या बाबतीत तो दिवटाच होता, पण हँडलच्या बाबतीत देवमाणूस. हात कापायला लागले तेव्हा त्याने हँडल तिच्याकडे सोपवलं आणि एकच धडा दिला. "जाड-बारीक बघू नकोस. पिंप एक, तर फिरणंही सगळ्यांचं एकच. काटा रेघेवर आला की पैलवानही चिकटतो आणि काडी पैलवानही. रेघ आल्याशिवाय तळ सोडायचा नाही, आणि तळ वर आल्याशिवाय रेघ सोडायची नाही." तो गेला, तरी तिने कधी रेघ सोडली नव्हती.

मग एकदा मोटरचा पट्टा सैल झाला, वेग पडला आणि चार बायका घसरल्या. दुसऱ्या दिवशी कठड्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. दुसरा कोणी असता तर पट्टा बदलून गप्प बसला असता. मालकाने पट्टाही बदलला, कठड्यावरून बघायचं तिकीटही वाढवलं आणि दर फेरीला हँडल मागे घ्यायला मावशीला सांगितलं.

"कोणाला लागतं का, मावशी? खरचटतं तरी का?" तो तेव्हा म्हणाला होता.

"लाज जाते त्यांची."

"तिकीट काढून येतात त्या. मी काय अक्षता द्यायला गेलो होतो?"

माणूस लाज कोळून प्यालेला! मावशी जाऊन हँडलवर बसली. घरी सून होती, आणि मुलगा होता. मुलगा कामाच्या शोधात होता, म्हणजे दुपारपर्यंत अंथरुणात होता. हँडल सुटलं तर तिघांचंही ताट सुटणार होतं.

आता पुढची फेरी भरत होती. बऱ्याचशा बायकाच होत्या. कुठल्याशा दवाखान्यातल्या नर्सा सुट्टी काढून आल्या होत्या, एकमेकींना ढकलत, खिदळत. त्यातली एक थोराड बाई वर बघून ओरडली, "मावशी, मी जड आहे हां, मला नीट धरा!"

"तुम्ही आणि ती बारकुडी, दोघींना एकच धरणं आहे!" मावशी काचेआडून म्हणाली. बाई हसली.

पिंप फिरू लागलं. काटा चढला, रेघेवर आला, तळ खाली गेला. मावशीने सवयीने वर कठड्याकडे पाहिलं आणि तिचा हात हँडलवरच थांबला.

खांबाला टेकून तिचा मुलगा उभा होता. बरोबर तीन मित्र. मोबाइल कठड्याबाहेर काढून त्याने खाली रोखला होता आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून तो वाट बघत होता. हँडल केव्हा मागे येतंय याची वाट! याच तोंडात तिने घास भरवले होते. हे तोंड तिने छातीशी धरलं होतं. मावशीला आपल्याच दुधाची शिसारी आली.

तिने हँडल पुढे लोटलं. काटा रेघेच्याही पुढे गेला, नर्सा भिंतीत चिणल्यासारख्या घट्ट बसल्या आणि आनंदाने ओरडू लागल्या. मग तळ वर आला, सगळ्यांच्या पायांना टेकला, आणि मगच पिंप मंदावलं. कठड्यावरून शिव्या आल्या. कोणीतरी कागदी कप भिरकावला.

मालक शिडी चढून आला तो लाल होऊनच.

"खाल्ल्या मिठाला जागायची रीत आहे ही?"

"वर माझा मुलगा आहे," मावशी म्हणाली.

मालकाने वर पाहिलं. मग तो मनापासून हसला. "अहो, मग त्याच्या मजेत का माती कालवता? तरणाताठा पोरगा आहे. बघणारच."

मावशीने केबिनचं दार उघडलं आणि ती शिडी उतरली. मालकाने मिस्त्रीला हाक मारून हँडलवर बसवलं. "आणि तुम्ही फडकं घेऊन उभ्या राहा," तो मागून म्हणाला. "उद्याचं उद्या बघू."

पुढची माणसं पिंपात शिरली. त्यांच्याबरोबर मावशीही शिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. इतकी वर्षं पिंप फिरवलं, पण आत उभी अशी ती कधी राहिली नव्हती. रबर ओलसर होतं आणि त्याला परक्या घामाचा वास होता.

"मावशी, बाहेर या!" मिस्त्री वरून कळवळला. "मालक मला हँडल मागे घ्यायला लावणार. तुम्हाला माहितेय ना?"

"घे की. इतके दिवस मीही घेतलंच."

"राहू दे रे तिला!" मालक ओरडला. "ओकली तर तिचं तीच पुसेल." कठड्यावर हशा पिकला.

मावशीने मान वर केली. मुलगा खांबापाशीच होता, पण आता हसत नव्हता. मोबाइल त्याने खाली घेतला होता. "आई, बाहेर ये ना," तो म्हणाला. आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाला, बाजूच्या मित्रांना कळू नये म्हणून. तिने मान हलवली नाही. तिला एवढंच बघायचं होतं की हा आता काय करतो.

दार लागलं. पिंप फिरू लागलं तशी पाठ रबरात रुतली, गाल मागे ओढले गेले. पायाखालून तळ गेला. काटा इथून दिसत नव्हता, पण हँडल मागे आल्याचं तिला पाठीलाच कळलं. अंग खाली सरकू लागलं. कपडे वर राहू लागले. तिने गुडघे एकमेकांवर दाबून धरले आणि नजर कठड्यावरच ठेवली.

वर तोंडांचा एक सलग पट्टा झाला होता. सगळे ओरडत होते, आणि त्यांतलं आपल्या पोराचं तोंड कोणतं ते तिला ओळखू येत नव्हतं.