पोंग्यातली पूड

शेतावर सगळे मावशीला 'बिनचूक' म्हणत. मक्याच्या संशोधन केंद्रात बावीस वर्षं काढली, पण हात कधी म्हणून चुकला नाही. त्यामुळे दोन्ही डबे तिच्याच ताब्यात. एकात अळीचं औषध, दुसऱ्यात करप्याने वाळलेल्या पानांची पूड. ही पूड चाचणीच्या झाडांच्या पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, चिमूटचिमूट टाकायची, मुद्दाम रोग लावायला, म्हणजे कुठलं वाण तग धरतं ते कळतं.

आणि त्या दुपारी काय अवदसा आठवली कोण जाणे! बियाण्याच्या वावरात औषध टाकता टाकता तिच्या लक्षात आलं, औषधाचा उग्र वासच येत नाहीये. डबा चुकला होता. वीस झाडांच्या पोंग्यात करपा गेला होता.

ते वावर म्हणजे संशोधक बाईंची अकरा वर्षं. त्या वाणाचं बी दुसरीकडे कुठेच नव्हतं. सांगावं तर बावीस वर्षांचं नाव मातीत जाणार. ऊन कडक आहे, दव नाही, लागणारच नाही रोग, अशी तिने मनाची समजूत घातली. दुसऱ्याच पहाटेपासून दव पडायला लागलं.

तिला अन्न गोड लागेना. रोज सगळ्यांच्या आधी येऊन ती पानं उलटीसुलटी करून बघायची. दहाव्या दिवशी लांबट, राखी डाग दिसले. तिने ती पानं खुडली, एप्रनच्या खिशात कोंबली आणि लगेच घरी नेऊन चुलीत घातली. पण डाग रोज नवे येत. कुणाला संशय नको म्हणून ती रोज वेगळ्या ओळीतून घरी जायची. दोन्ही बाजूंच्या झाडांची दवाने ओली पानं एप्रनला घासत. खिशातून काय झडतंय, ते भीतीने आंधळ्या झालेल्या मावशीला कुठून दिसणार!

महिन्याभराने बाईंनी तिला वावरात बोलावलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, म्हणून तर मावशीला जास्तच धडकी भरली. वाऱ्याने आलेला करपा असा ओळी धरून, नेमका कमरेच्या उंचीला लागत नाही, असं त्या म्हणाल्या.

"मावशी, इथून कोण चालत जातं?"

मावशीने सगळं सांगून टाकलं, डब्यापासून चुलीपर्यंत. बाई मटकन खाली बसल्या.

"त्याच दिवशी सांगितलं असतंत तर वीस झाडं उपटली असती. बस्स, वीस."

मग डोळे पुसून उठल्या. रोग लागला तरी डाग दिसायला आठवडा-दहा दिवस जातात, तेव्हा नुसतं बघून काही कळायचं नाही, मावशीलाच आठवावं लागेल, असं त्यांनी समजावलं.

"जिथून तुम्ही गेलाच नाहीत, ती ओळ दाखवा. एक पुरे. तेवढी ठेवू, बाकीच्या जाळू."

ओळी अठरा होत्या. मावशीने बोट उचललं आणि एकेक ओळ आठवायला लागली. शेवटच्या ओळीपर्यंत आली, पण बोट कुठेच थांबेना.