आन्सेल्मोचं उलथनं

रविवारी दुपारपर्यंत एउलालियाचा उजवा डोळा सुजून पार मिटला होता, आणि तिचा बाप आन्सेल्मो मात्र मांसाकडेच बघत होता.

नांगराच्या जुन्या पोलादी तबकडीला तीन पाय जोडून त्याने ती अंगणात मांडली होती. खाली लाकडं धडधडत होती. आधी डुकराची चरबी, ती सुटली की गोमांसाचे तुकडे, मग कांदा, मिरची, शेवटी टोमॅटो. चिवावाकडच्या त्या गावात हे काम पुरुषांचं, आणि ज्याच्या हाती उलथनं त्याचं घर. त्याने स्वतःहून दिल्याशिवाय दुसऱ्याने त्याला बोट लावायचं नाही.

"बाबा, मी आज परत जाणार नाही," कांदा चिरता चिरता एउलालिया म्हणाली.

"नवरा आहे तो. निवळेल."

"दोनदा पाठवलंत मला परत. पहिल्यांदा दात गेला, आता डोळा. आणखी काय द्यायचंय त्याला?"

म्हाताऱ्याने मांस तेवढं हलवलं. असल्या बापाची कीव करणारे करोत, मला तर त्याचा संतापच येतो.

तेवढ्यात तिचा नवरा गुमारो बिअरची चौथी बाटली घेऊन आला. "सासरेबुवा, भाजताय की अंडी उबवताय? आणा इकडे." आणि त्याने सरळ उलथन्याला हात घातला.

आन्सेल्मोने मूठ सोडली नाही. "हात काढ, गुमारो."

गुमारोने कोपर हाणलं. म्हाताऱ्याचं नाक कडकन मोडलं, रक्ताचे थेंब तापल्या कडेवर चरचरले. तो गुडघ्यांवर कोसळला, तर याने वर बरगडीत लाथ घातली. मग ऐटीत बाटली उकळत्या चरबीत रिकामी केली. चरबी भडकून उडाली आणि त्याच्याच मनगटावर आली. आता दोष कुणाला द्यायचा?

"कांदा कुठे मेला, रांडे?" त्याने एउलालियाचे केस धरले आणि तिचं तोंड तबकडीकडे दाबलं. झिपऱ्या जळल्याचा वास आला. गाल भाजू लागला.

कांद्याची सुरी तिच्या हातातच होती. तिने ती त्याच्या दंडात खुपसली. पकड सुटताच तिने तबकडीच्या पायाला लाथ मारली, आणि चरबी, मांस, मिरच्या, सगळं गुमारोच्या नडग्यांवर ओतलं गेलं. तो गुरासारखा ओरडला. तिला त्याची जराही दया आली नाही.

लंगडत फाटकापर्यंत जाऊन तो वळला. "ये संध्याकाळी, बघतोच तुला. इथे तुला ठेवणार कोण?"

एउलालियाने बापाकडे पाहिलं. तो कण्हत उठला. गोणपाटाने धरून त्याने तबकडी पुन्हा निखाऱ्यांवर बसवली. धुळीतलं उलथनं उचललं, रक्ताळलेल्या सदऱ्याला पुसलं, आणि फाटकातून गुमारो बघत असताना उलथन्याची मूठ लेकीपुढे धरली. त्या अंगणात ते बाईच्या हाती कधीच गेलं नव्हतं.

"आत आणखी मांस आहे," तो म्हणाला. "पण आधी चरबी सुटू दे."

तिने उलथनं घेतलं. मूठ अजून गरम होती.