महोदय आणि म्हाराजा

धनेशला कॉलेजच्या अभिरूप न्यायालयाच्या संघात जायचंच होतं. तिथे खटला खोटा, आरोपी खोटा, पण वकिली खरी. आणि डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीतून आजवर कुणी कोर्टात गेलं असेल तर ते भांडणाच्या तारखेला. जागा मात्र एकच उरली होती, आणि तिच्यावर गिरगावच्या केझियाचाही डोळा होता. या मुलीची जीभ कात्रीसारखी चालायची.

धनेशने घरी तयारी सुरू केली आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. त्याचे वडील शामराव चाळीच्या गणपतीत गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पोरगा गॅलरीत युक्तिवाद करतोय म्हटल्यावर शेजारीपाजारी जमले. तो जरा थांबला की अख्खा मजला सवयीने एका सुरात म्हणे, “व्हय म्हाराजा!” पुढे पुढे तर ते ऐकल्याशिवाय गड्याला पुढचं वाक्यच सुचेना.

निवडीच्या दिवशी न्यायाधीश म्हणून शिवाजी पार्कचे निवृत्त न्यायमूर्ती माधव परुळेकर आले. बोलणं इतकं शुद्ध, की माणसाने जन्मात मासळीला हात लावला नसेल असं वाटावं. खटला सुक्या बोंबलांच्या चोरीचा. सरकारी वकील केझियाने आरोपीला असं सोललं, की संघाच्या प्रमुख नम्रता मॅडमनी तिचं नाव लिहूनच टाकलं.

आरोपीच्या बाजूने धनेश उठला. म्हणायचं होतं ‘न्यायमूर्ती महोदय’, पण तोंडातून निघालं, “बा म्हाराजा, माझ्या अशिलाने बोंबील चोरले नाहीत.” आणि तो थांबला. इथे होकार द्यायला चाळ नव्हती. आता जागा गेलीच म्हणून त्याला रडू येऊ लागलं.

तेवढ्यात न्यायासनावरून आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

गावच्या गाऱ्हाण्यांची जुनी सवय अशी उघडी पडल्याने परुळेकर स्वतःच चपापले. पण धनेशची गाडी सुटली होती. बोंबलांचा वास अख्ख्या चाळीला येतो, एकट्या आरोपीला नाही. व्हय म्हाराजा. पोट काय मांजरालाही असतं. व्हय म्हाराजा. केझियाने हरकत घेतली, की न्यायाधीश निकालाआधीच एका बाजूला होकार देताहेत. परुळेकरांनी ती मान्य केली आणि स्वतःचा भरवसा नसल्यामुळे रुमालाची घडी दातांत धरली.

“म्हणून आरोपी निर्दोष आहे, म्हाराजा,” धनेश म्हणाला आणि अडकला. ‘त्याला सोडावं’ एवढंच मागायचं राहिलं होतं. तो तोंड उघडं टाकून उभा, परुळेकर रुमाल चावून लालबुंद. कुणाची अडकलेली शिंक जशी बघवत नाही, तसं केझियाचं झालं.

“अरे, व्हय म्हाराजा,” ती वैतागून बोलून गेली.

परुळेकरांनी रुमाल काढला. सरकारी वकिलांनीच आरोपी निर्दोष असल्याचं मान्य केलंय, सबब खटला निकाली, असं त्यांनी जाहीर केलं. मॅडमनी लिहिलेलं नाव खोडलं. केझिया खाली बसली. तिचे डोळे भरले होते. धनेशला जिंकल्याची शरम वाटली. तो पुन्हा उठला.

“म्हाराजा, ही जागा माझी नाही. ती बोलली नसती तर मी अजून तिथेच उभा असतो. तिला घ्या. माझं मी पुढल्या वर्षी बघेन.”

मधे कुणी हूं की चूं केलं नव्हतं आणि तो कुठेच अडला नव्हता. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही, मॅडमच्या आलं. त्यांनी दोन्ही नावं लिहिली. नियमात एकच बसतं, असं कुणीतरी म्हणालं. नियम जरा सरकून बसेल, असं त्यांनी सांगितलं.

गॅलरीत सगळा मजला वाट बघत होता. घेतल्यानी काय, एवढंच शामरावांनी विचारलं आणि धनेश जो सुरू झाला तो थांबेचना. बोंबील, रुमाल, केझिया, मॅडम. माणसं तोंडं उघडून तिष्ठत उभी, पण वाक्यांत फट म्हणून सापडेना.

अखेर शामराव कळवळून म्हणाले, “झिला, जरा थांब रे. आमका व्हय म्हणूक दी.”