शेती विभागाचा हुरडा

"एक कणीस तोडू द्यायचा न्हाई मी. सांगून ठेवतो, बाई!"

दशरथ सरांनी टेबलावर असा हात आपटला की सुनीतीबाईंचा चहा बशीत सांडला. बाई हायस्कूलच्या मुख्याध्यापिका, रोज पुण्याच्या पेठेतून स्कूटरवर येणाऱ्या. त्यांनी शांतपणे बशी पुसली.

"आवाज आबांच्या बंगल्यापर्यंत पोचवायचा असेल तर खिडकी उघडते."

आता भांडण कशाचं, ते सांगतो. वाघोलीच्या पलीकडचं हे गाव. महापालिकेत गेलं, पत्त्यात पुणे आलं, नळाला पाणी काही आलं नाही. निम्म्या शेतांत टॉवर उठले. हायस्कूलमागचा काळ्या मातीचा तुकडा तेवढा राहिला, कारण दहावीला शेती हा विषय होता आणि तो शिकवायला दशरथ सर होते. मध्यंतरी संस्थेच्या वेबसाइटवर प्रत्येक विषयाचा 'विभाग' दाखवायचं ठरलं. शिक्षक आठ आणि विभाग नऊ! चित्रकलेचे सर संगीताचेही विभागप्रमुख झाले, आणि त्या बिचाऱ्याला साधी शीळ घालता येत नाही. दशरथ सर शेती विभागप्रमुख. हाताखाली माणूस कोण, तर एक गळका पाइप.

त्या तुकड्यात पोरांनी ज्वारी लावलेली. ज्याचा त्याचा वाफा वेगळा. ज्यानं पेरला त्यानंच खुरपायचा, त्यानंच पाखरं हाकायची. फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक येणार, वाफा बघून प्रात्यक्षिकाचे मार्क देणार. पाणी नव्हतं तेव्हा पोरांनी टँकरवाल्याच्या हातापाया पडून बादल्या वाहिल्या. आणि आता कुठं दाणा दुधात भरला, तर संस्थेचे अध्यक्ष रंगनाथआबा, त्यांनी पाहुण्यांना येत्या रविवारच्या हुरडा पार्टीचं आवतण देऊन टाकलं. कुठं? शाळेत!

"अहो, परीक्षेचं पीक हाय ते!" सर रडकुंडीला आले. "उद्या विज्ञानाच्या प्रयोगातलं ॲसिड बी पितील व्हय आबा?"

"ॲसिड द्यायचं असेल तर मला विचारू नका." मग बाईंनी आवाज खाली आणला. "सर, आबांना त्या जागेत पार्किंग करायचंय. म्हणजे जूनपासून तुमचा विषय बंद. मी आजवर कसंबसं थोपवलंय. रविवारी त्यांचे पाहुणे खूश होऊन गेले तर मला बोलायला तोंड राहील. नाही म्हणालात तर जेसीबी येईल. ठरवा आपण."

सर काय ठरवणार, कपाळ!

रविवारी सकाळी वाफ्यांच्या कडेला आगटी पेटली. गोवऱ्यांचा धूर शाळेच्या वर्गांत शिरला. बिल्डर आले, त्यांची मित्रमंडळी आली, गॉगल लावलेल्या बायकापोरी आल्या. दहावीची पोरं शाळेच्या गणवेशात पत्रावळी, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी वाढत फिरत होती. विळा सरांच्याच हातात दिला होता. हा साईनाथचा वाफा. हा आनंदीचा. आनंदीचा बाप टॉवरवर वॉचमन, विदर्भातून आलेला. पोरगी पहाटे उठून पाणी घालून मग अंघोळीला जायची.

शेवटी सरांना राहवलं नाही. पाहुण्यांना जरा तरी लाज वाटावी म्हणून ते एका पाहुणीसमोर जाऊन उभे राहिले.

"ताई, तुम्ही खाताय ना, ती आनंदीच्या वाफ्यातली कणसं हायत. तिच्या परीक्षेची. त्यावर तिला मार्क मिळणार होते."

पाहुणीनं गॉगल वर केला.

"सो क्यूट! म्हणजे प्रत्येक वाफ्याला एक मूल? आबा, काय कन्सेप्ट आहे हो तुमचा!"

झालं. "आम्हाला आनंदीचा द्या", "इकडे साईनाथचा येऊ दे", असा गलका सुरू झाला. पोरांना उभं करून फोटो निघाले. आनंदी हसली, कारण फोटोवाल्यानं हस म्हणून सांगितलं होतं.

आबांची छाती फुगली. त्यांनी सरांच्या पाठीत थाप मारली.

"मास्तर, पार्किंग गेलं खड्ड्यात! आता दरसाल हुरडा. ह्या आठवड्यात बोअर मारतो. पाण्याची काळजी करू नगा. निस्ती ज्वारी लावा, आन् पाचवीपासनंच पोरं कामाला जुंपा."

पाण्यासाठी सरांनी संस्थेचे उंबरे झिजवले होते. परीक्षेसाठी पाणी मिळालं नाही, हुरड्यासाठी मिळालं. जमीन वाचली, विषय वाचला, आणि सरांना वाटत होतं हातातला विळा लांब भिरकावून द्यावा.

"जी, आबा," ते म्हणाले. म्हणाले आणि स्वतःचाच संताप आला त्यांना.

सोमवारी आनंदी आपल्या वाफ्यापुढं उभी. ज्वारीची नुसती बोडकी ताटं.

"सर, परीक्षकांना काय दाखवू? एक बी कणीस न्हाई ठेवलं."

"माझं तोंड दाखव!" सर खेकसले. पोरीचा चेहरा पडला तसे लगेच वरमले. मग बाह्या सारल्या.

"खुरपी आणा रं सगळ्यांनी. उपटा ती ताटं. मेथी लावू. महिन्यात येती, परीक्षेला हिरवीगार उभी राहील."

दुपारपर्यंत वाफे भुसभुशीत झाले. सर स्वतः मातीत गुडघे टेकून सऱ्या ओढत होते, अंगातला राग असा मातीत काढत होते.

साईनाथनं विचारलं, "सर, मेथीच का पण? पालक लावू की."

"अरं, मेथी का, तर मेथीचा हुरडा होत न्हाई!"

पोरं खदखदून हसली. सरही हसले, कितीतरी दिवसांनी. आनंदी मात्र खाली मान घालून बियांवर माती सारत होती. मान वर न करता म्हणाली,

"भजी होत्यात की, सर."

सरांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी मागं वळून शाळेच्या फाटकाकडं बघितलं.

"हळू बोल, बाय," ते म्हणाले. "आबा ऐकतील."