खोटा ठरवलेला वजनकाटा

मित्रांनो, माणसांचे चेहरे मी आयुष्यात फार कमी पाहिले. माझ्या वाट्याला आले ते तळपाय. भेगाळलेले, मेंदी लावलेले, घाईने चढणारे आणि भीतभीत चढणारे. परभणी जिल्ह्यातल्या सेलू गावात राहणारा मी एक जुना वजनकाटा. पाठीवर काळे रबर, समोर गोल काच, काचेखाली आकड्यांची चकती आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. त्या संसारात एका बाईचे दुःख येऊन राहिले. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मी परभणीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात होतो. श्रावणात एके दिवशी सेलूचे किराणा दुकानदार शिवप्रकाश माल घ्यायला आले आणि जाताना मला घेऊन गेले. रेल्वेत त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरले होते. शेजारच्याने विचारले, "काय हाय हो ह्यात?" तेव्हा ते लाजून म्हणाले, "घरच्यासाठी हाय." एवढ्या मायेने मला पुन्हा कोणी मांडीवर घेतले नाही.

'घरच्या' म्हणजे त्यांच्या पत्नी महानंदाअक्का. झाले होते असे की, गल्लीतल्या एका बारशाला अक्का गेल्या होत्या. तिथे त्या बसल्या ती प्लॅस्टिकची खुर्ची मोडली. खुर्ची आधीच तडकलेली होती, पण ते कोण बघतो? बाया हसल्या. अक्काही हसल्या. घरी येऊन मात्र त्या दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, एक वजनाचा काटा आणा. मला साठ किलोवर यायचंय."

पहिल्या दिवशी माझा काटा शहात्तरवर थांबला. अक्कांनी आकडा बघितला आणि पदराने माझी काच पुसली, जणू आकडाच पुसला जाणार होता.

शेजारी सविता राहायची. ती ब्लाऊज शिवायची. तिची मशीन दिवसभर चालायची आणि तोंडही. ती अक्कांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण दोघींचे फार जमायचे. सविताही माझ्यावर चढली. सत्तर. "अगं बाई!" म्हणत ती खाली उतरली आणि त्याच दिवशी दोघींनी मिळून वजन उतरवायचे ठरवले.

"अक्का, दिवसाकाठी चार लिटर पाणी प्यायचं. चरबी अशी वितळून जाती बगा," सविता म्हणाली. "मोबाईलवर एक बाई सांगायलती. ती केवढी हुती आणि आता केवढी झाली!"

"पाणीच प्यायचंय की," अक्का म्हणाल्या. "त्याला काय मेहनत हाय?"

सकाळी अक्का आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करत, कपाळाला विभूती लावत आणि मग तांब्याभर पाणी पीत. जेवणाआधी दोन पेले, दुपारी पुन्हा तांब्या. सविताने तर दिवसाचे पाच कप गोड चहा सोडून दिले. चहाची तल्लफ आली की ती पाणी प्यायची आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालून यायची. आठवड्यातून एकदा दोघी माझ्यावर उभ्या राहत. सविता आपल्या मापांच्या वहीत दोघींचे आकडे लिहून ठेवी.

दसऱ्यापर्यंत सविता सहासष्टवर आली होती आणि अक्का चौऱ्याहत्तरवर. काय आनंद झाला म्हणून सांगू! खंडेनवमीला सविताने आपली मशीन आणि कात्री पूजेला मांडली, तेव्हा अक्कांनी मलाही शेजारी नेऊन ठेवले. माझ्यावर झेंडूचे फूल वाहिले. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस.

दिवाळीनंतर मात्र उलटे सुरू झाले. सविताचा आकडा उतरत राहिला आणि अक्कांचा चढू लागला. पंचाहत्तर. शहात्तर. अक्कांनी भात सोडला, फराळाला हातही लावला नाही, तरी माझा काटा वर सरकत होता. त्यांचे घर दुकानाच्या वर होते. जिन्याच्या अठरा पायऱ्या चढताना त्या आता दोनदा थांबू लागल्या.

"वजनानं दम लागायलाय गं," त्या म्हणायच्या.

"अक्का, पाणी कमी पडायलंय तुमचं," सविता म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती. ज्या उपायाने स्वतःला गुण आला असे तिला वाटत होते, तोच तिने मैत्रिणीला सांगितला. त्या दिवसापासून ती दर दोन तासांनी खिडकीतून हाक मारी, "अक्का, पाणी पिलात का?" आणि अक्का पोट तुडुंब असतानाही आणखी एक पेला घशाखाली ढकलत.

मित्रांनो, तळपायांची मला चांगली ओळख आहे. अक्कांचे पाय बदलत चालले होते. टाचेच्या वरचा खळगा भरून आला. जोडवी बोटांत रुतली, ती सोनाराला घरी बोलावून कापावी लागली. मला हे सगळे कळत होते. पण मला तोंड कुठे आहे? मी फक्त आकडा दाखवू शकत होतो. सत्त्याहत्तर दाखवला त्या दिवशी अक्का माझ्यावरच बसून रडल्या.

"उपाशी ऱ्हायले, पाणी पिऊन पिऊन जीव गेला, तरी वाढायलंय. माझ्या नशिबातच न्हाई."

शिवप्रकाशांना ते रडणे सहन होईना. सोमवारी अक्का महादेवाच्या देवळात गेल्या असताना त्यांनी दुकानातून दहा किलो तांदळाची बंद पिशवी वर आणली आणि माझ्यावर ठेवली. माझा काटा बरोबर दहावर थांबला. त्यांनी आणखी एक पिशवी ठेवली. वीस. बराच वेळ ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटले, आता यांना कळले. आता हे अक्कांना डॉक्टरकडे नेतील.

अक्का देवळातून आल्या. शिवप्रकाश म्हणाले, "मी बगितलं. ह्यो काटाच बिघडलाय. दोन-चार किलो जास्त दावायलाय. तू नको जीवाला लावून घेऊ."

"खरंच?" अक्का म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

त्या हसण्यासाठीच ते खोटे बोलले होते. मला राग आला नाही, पण वाईट फार वाटले. अक्कांनी मला पायाने सरकवून पलंगाखाली ढकलले. तिथे धूळ होती आणि एक फुटके सूप होते. अकरा दिवस माझ्यावर कोणाचा पाय पडला नाही. वर पलंगावर अक्का आडव्या होऊ शकत नव्हत्या, हे मला पलंगाच्या करकरण्यावरून कळे. आडवे झाले की दम कोंडायचा, म्हणून त्या उशांना टेकून बसून राहायच्या.

बाराव्या दिवशी सविता संक्रांतीच्या ब्लाऊजचे माप घ्यायला आली. दंडाला टेप लावला आणि ती थबकली.

"अक्का, दंड दीड इंच उतरलाय की."

"बग! बारीक झाले का न्हाई?"

सविताने कमरेला टेप लावला. तो पुरला, पण आधीच्या मापापेक्षा पाच इंच जास्त भरला. शिवणाऱ्या बाईला शरीर कळते. दंड उतरतो आणि पोट वाढते, गळ्याची हाडे वर येतात आणि पाय खांबासारखे होतात, असे वाढलेले माणूस तिने कधी पाहिले नव्हते. तिने अक्कांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. ती पलंगाखाली वाकली आणि मला बाहेर ओढले.

"अगं, ह्यो बिघडलाय," अक्का म्हणाल्या.

"असू द्या. हुबं ऱ्हावा."

त्र्याऐंशी.

तासाभरात एक गाडी दारात आली आणि शिवप्रकाश व सविता अक्कांना परभणीला घेऊन गेले. पुढचे मी सविताच्या तोंडून ऐकले. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि विचारले, "वजन कधीपासून वाढतंय?" सविताने घाईत सोबत आणलेली मापांची वही पुढे केली. डॉक्टरांनी आकड्यांवर बोट ठेवले.

"अकरा दिवसांत सहा किलो. चरबी अशी वाढत नसते, ताई. हे पाणी आहे. यांचं हृदय कमजोर झालंय, त्याला रक्त पुढे ढकलणं जमत नाही. म्हणून पाणी अंगात साचतंय."

सविता म्हणाली, "मीच पाजलं हो त्यांना. चार चार लिटर. वजन उतरावं म्हणून."

"पाण्यानं हा आजार झालेला नाही. तो आधीपासून होता. पण भर नक्की पडली."

"मग माझं कसं उतरलं?"

"तुम्ही काय सोडलंत?"

"चहा. गोड चहा, पाच कप. आणि चालायलेय."

"त्यानं उतरलं," डॉक्टर म्हणाले. "जेवणाआधी पाणी प्यालं तर कोणी दोन घास कमी खातं, एवढाच पाण्याचा हातभार. पाणी चरबी वितळवत नाही. आणि ज्याचं हृदय किंवा किडनी बरी नाही, त्यानं तर विचारल्याशिवाय वाढवूच नये." मग ते शिवप्रकाशांकडे वळले. "आठ-दहा दिवस आधी यायला हवं होतं."

शिवप्रकाशांनी मान वर केली नाही, असे सविता सांगत होती. का केली नाही, ते तिला माहीत नव्हते. मला माहीत होते.

औषधांनी अंगातले पाणी उतरले. अक्का घरी आल्या तेव्हा माझा काटा एकाहत्तरवर होता. आता मला खिडकीजवळ मानाची जागा मिळाली. रोज सकाळी वजन करायचे, एकदम वाढले तर लगेच कळवायचे, मीठ कमी, आणि दिवसभरात एकच लिटर पाणी, असे डॉक्टरांचे सांगणे होते. शिवप्रकाश सकाळी एक बाटली भरून अक्कांच्या उशाशी ठेवत.

आणि मग उन्हाळा आला. परभणीकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी दोनला गल्लीत कुत्रेही फिरत नाही. अक्का बाटलीतला एक घोट तोंडात घेत, तो कितीतरी वेळ जिभेवर फिरवत आणि मग गिळत. ज्या बाईला मैत्रिणीने हाका मारमारून पाणी पाजले, ती आता खालच्या नळाला पाणी आले की कान देऊन आवाज ऐकत बसायची.

सविताने अक्कांसमोर पाणी पिणे सोडून दिले. मशीन बंद करून ती दुपारभर येऊन बसे, तहान लागली तरी उठत नसे. एकदा तिला ठसका लागला. अक्कांनी स्वतःची बाटली पुढे केली.

"पे गं सविता."

"नको अक्का. तुमच्या वाटणीचं हाय."

"पे म्हणते ना. माझ्यासमोर पे. कोणीतरी पोटभर पिताना बगू दे मला."

सविताने दोन घोट घेतले. तिचे डोळे गळत होते आणि अक्का तिच्याकडे असे बघत होत्या, जणू पाणी त्यांच्याच घशातून उतरते आहे.

आकडा उतरतच गेला. सदुसष्ट. चौसष्ट. आता उतरत होते ते पाणी नव्हते, अंगातली ताकद होती. ज्येष्ठातल्या एका सकाळी सविताच्या खांद्याला धरून अक्का माझ्यावर उभ्या राहिल्या. इतके हलके पाय मी कधी पेलले नव्हते.

"किती?" त्यांनी विचारले. त्यांना आकडा नीट दिसत नव्हता.

सविता आकडा पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"सांग की गं."

"साठ," सविता म्हणाली.

अक्का थोड्या हसल्या. "आले बग शेवटी. आता कुठल्या बारशाला खुर्चीवर बसायला बोलव मला." आणि त्या माझ्यावरून उतरल्या. त्यानंतर पाचव्या दिवशी त्या गेल्या.

नात्यातली माणसे येऊन गेली, दिवसकार्य झाले. शिवप्रकाश मला बघायचे आणि तोंड फिरवायचे. एके सकाळी त्यांनी मला भंगारात द्यायला खाली आणले. तेवढ्यात सविता आली. "भावजी, मला द्या ह्यो काटा," ती म्हणाली.

शिवप्रकाश दुकानाच्या पायरीवर बसले. मला त्यांनी सोडले नव्हते.

"सविता, ह्यो काटा बिघडलेला नव्हता. मी तांदळाची पिशवी ठेवून बगितली हुती. बरोबर दावायलता. ती रडायलती म्हणून मी खोटं बोललो. ते अकरा दिवस मीच घालवले."

सविता त्यांच्यापासून दोन पायऱ्या खाली बसली. म्हणाली, "आणि त्या अकरा दिवसांत मी रोज खिडकीतून हाका मारल्या, भावजी. पाणी पिलात का म्हणून."

दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला दोष दिला नाही. समजूतही घातली नाही. दुकान उघडायची वेळ झाली, तेव्हा शिवप्रकाशांनी मला तिच्या हातात दिले.

आता मी सविताच्या शिलाई मशीनशेजारी असतो. माझी काच तडकली आहे, स्प्रिंगही थकली आहे. गेल्या महिन्यात केशरबाई नावाची एक बाई ब्लाऊज शिवायला आली. माझ्यावर चढत म्हणाली, "मी पण आता पाण्यावरच हाय. चार लिटर!" सविताने हातातली कात्री खाली ठेवली. तिला बसवले, पाय बघितले, जिना चढताना दम लागतो का विचारले. केशरबाई म्हणाली, "लागतो की थोडा." सविताने तिला डॉक्टरांकडे पाठवून दिले, ब्लाऊजचे माप न घेताच.

चार दिवसांनी केशरबाई तणतणत आली. "काई न्हाई झालं मला! डॉक्टर म्हणले, चाला जरा, बसून बसून दम लागायलाय तुमाला. माझा आख्खा दिवस घालवलास गं तू!"

सविता मशीनवरून उठली. तिने केशरबाईचे दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली. केशरबाई बिचारी घाबरून गेली. तिला कारण काय ठाऊक!

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा काटा असेल. त्याचा आकडा बघून कोणाला हसू नका. आणि आकडा आवडला नाही म्हणून त्याला खोटेही ठरवू नका. तुमची आई जिना चढताना थांबू लागली, तिच्या चपला तिला घट्ट होऊ लागल्या, तर तिला कोणाचा ऐकीव उपाय सांगत बसू नका. तिचा हात धरा आणि तिला वेळेवर डॉक्टरकडे न्या. दिवस वाया गेला म्हणून ती तुमच्यावर रागावली तर रागावू द्या.