पेत्रोखोरीच्या फाट्यावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, रस्त्याच्या फाट्यावरची. क्रीट बेटाच्या डोंगरात सव्वीस वळणं चढून आलात की डाव्या हाताला माझा खांब दिसतो. माझ्यावर पेत्रोखोरी हे गावाचं नाव लिहिलेलं होतं, वर पिवळ्या ग्रीक अक्षरांत आणि खाली परक्यांना वाचता यावं म्हणून पांढऱ्या अक्षरांत. आता अक्षरांपेक्षा भोकंच जास्त आहेत.

मला इथे लावायला दोन कामगार आले होते. बोल्ट आवळता आवळता धाकट्याने विचारलं, "किती दिवस टिकेल हो ही?"

"पुढच्या लग्नापर्यंत," थोरला म्हणाला आणि दोघं हसले.

मी कोरी करकरीत, मला काय कळणार? मला वाटलं, थट्टा असेल. तिसऱ्याच आठवड्यात पेत्रोखोरीत लग्न निघालं आणि माझ्या पहिल्या अक्षरातून गोळी आरपार गेली.

आमच्या डोंगरातली रीतच ती. आनंद झाला की बंदूक काढायची. गोळी हवेत मारली तर दिसत नाही, पाटीवर मारली तर दिसते. ज्या गावाच्या पाटीला भोक नाही त्या गावात पुरुष नाही, असं इथे म्हणतात. मात्र दुसऱ्या गावाच्या पाटीला कुणी हात लावायचा नाही, नाहीतर चार पिढ्यांचं वैर. ज्याने त्याने आपल्याच गावाचं नाव फोडायचं, आणि याला हे लोक अभिमान म्हणतात. माझ्याच खांबावर खाली एक शेजारीण आहे, उजवीकडे समुद्राची वाट दाखवणारी. समुद्र कुठल्याच गावाचा नाही, त्यामुळे तिला ओरखडासुद्धा नाही. मानही नाही, जखमही नाही. मला तिचा हेवा वाटत आला आहे, आणि हे मी लपवणार नाही.

तरी ते दिवस बरे होते. सकाळ-संध्याकाळ एसटीसारखी गाडी यायची, ऑलिव्हच्या पोत्यांचे ट्रक जायचे, पाद्रीबुवा स्कूटरवरून प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत यायचे. मग किनाऱ्याने नवा रुंद रस्ता झाला आणि सगळी वाहतूक तिकडे वळली. बस बंद झाली, पाठोपाठ गावची शाळाही. अर्धा अर्धा तास माझ्यापुढून शेळ्यांखेरीज काही जाईना.

आणि नेमकी ही शांतता कुणाला तरी आवडली. वसंतात परदेशी सायकलवाले येऊ लागले. बारीक चाकांच्या सायकली, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. घामाने निथळत चढ चढायचे, माझ्यापाशी थांबायचे, पाणी प्यायचे आणि कान टवकारून नुसतेच उभे राहायचे. शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या की खूश व्हायचे. माणसं निघून गेली म्हणून हा रस्ता शांत झालाय, हे त्यांना कोण सांगणार?

"घरी गाडी नाही वाटतं बिचाऱ्यांना," वार्दिस म्हणायचा. वार्दिस पेत्रोखोरीचा मेंढपाळ. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि माझ्या अंगावरची निम्मी भोकं त्याचीच. त्याची बायको आर्गिरो गावातलं शेवटचं कॉफीचं दुकान चालवायची. त्यांचा एकुलता एक मुलगा स्त्रातिस शहरात सायकल-सहली काढणाऱ्या एका कंपनीत सायकली दुरुस्त करायचा.

एका शुक्रवारी स्त्रातिस मोटारसायकलवरून गावाकडे निघाला होता. फाट्यावर बापाची गाडी भेटली. इंजिन बंद न करताच दोघं बोलले.

"बाबा, साहेब कबूल झाले! उद्या बारा जण येणार, आपल्याकडे जेवायला. उद्याचं नीट झालं तर दर शनिवारी एक गट पाठवणार. वाट दाखवायचं काम मला देणार. मग मी इथेच राहीन."

"आणि जर्मनीचं?"

"मामांनी तिकडे काम बघितलंय, त्यांना नाही म्हणून कळवतो. नाही जमलं उद्या, तर मात्र सप्टेंबरात जावंच लागेल."

वार्दिसने खिडकीतून हात काढून पोराची मान धरून हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सायकलीवर तरी येताहेत, चालत नाही आले म्हणजे मिळवली," एवढंच तो म्हणाला.

स्त्रातिसने गटाच्या म्होरक्याला वाट कागदावर लिहून दिली होती. फाट्यावर पेत्रोखोरीची निळी पाटी दिसेल, तिच्या बाणाने वळा. मोबाइलला तेव्हा या डोंगरात रेंज नव्हती. सगळी भिस्त माझ्यावर होती, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काम सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी दहाला गावातून चार गाड्या खाली आल्या. वार्दिसच्या पुतण्याचं लग्न होतं आणि नवरीच्या माहेरून रुखवत आणायला पुरुषमंडळी निघाली होती. गाड्या फाट्यावर थांबल्या. बाटली फिरली. मग वार्दिस दुनळी बंदूक घेऊन उतरला.

"आज कुणी हात लावायचा नाही, आज माझी पाळी!" तो ओरडला. "आज माझ्या पोराकडे परदेशातून पाहुणे येताहेत. कळू दे त्यांना कुठल्या गावात येताहेत ते!"

"जपून, लांबून मार," कुणीतरी म्हणालं.

"लांबून मारायला मी काय समुद्राकडचा आहे?"

पाच पावलांवरून त्याने दोन्ही नळ्या माझ्यावर रिकाम्या केल्या. छर्रे होते. नाव उडालं, दोन्ही लिप्यांतलं. एक बोल्ट तुटला आणि मी दुसऱ्यावर लोंबकळले, बाण जमिनीकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत चढण्यापूर्वी वार्दिसने मला मायेने थोपटलं. त्याच्यावर मला रागावता आलं नाही, याचाच मला आजही राग येतो.

गावात स्त्रातिस तेव्हा आईजवळ बसून बटाटे सोलत होता. आवाज त्यानेही ऐकला. लग्नाचं घर, बार उडायचेच.

साडेअकराला सायकलवाले आले. त्यांची भाषा मला येत नाही. त्यांचा म्होरक्या, एक उंच बाई, कागद बघायची, मग माझ्याकडे, मग परत कागदाकडे. डावीकडचा रस्ता अरुंद, वर जाणारा. उजवीकडचा उताराचा, आणि तिथे शेजारीण स्वच्छ अक्षरांत बाण दाखवत उभी. बाईंनी वाट विचारण्यासाठी चारही दिशांना पाहिलं. तिथे होतं कोण? एकाने माझ्या एका भोकातून बोट घालून फोटो काढला. मग बारा सायकली सूं करत उताराने गेल्या. मी ओरडू शकत असते तर माझा पत्रा फाटला असता.

अडीच वाजता स्त्रातिस त्यांना शोधत खाली आला. मला पाहिलं आणि तो मोटारसायकलवरून उतरलाच नाही, तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने गाद्या, उशा, विणलेली पांघरुणं लादून वरात गात गात परतली.

"काय रे, पाहुणे जेवले का?" वार्दिसने लांबूनच विचारलं.

"हे कुणी केलं, बाबा?"

"मी! दोन्ही नळ्या! सलामी होती तुझ्या पाहुण्यांना."

"ते समुद्राकडे गेले."

गाणं थांबलं. वार्दिस माझ्याकडे बघत राहिला. "मग वाट विचारायची की! पेत्रोखोरी कुठे हे कुणाला ठाऊक नाही?"

"कुणाला विचारणार होते? शेळ्यांना? या रस्त्यावर माणूस भेटत नाही, बाबा, म्हणून तर ते इथे येतात!"

पुढचं मला आर्गिरोकडून कळलं. दुसऱ्या दिवशी ती फाट्यापर्यंत चालत आली आणि नवऱ्याला माझ्यासमोर उभं करून तिने सुनावलं. "बारा ताटं मांडून बसले होते मी, वार्दिस. मटण, रानभाजी, चीजच्या करंज्या, वर मध. संध्याकाळी त्या साहेबाचा फोन आला. म्हणे, रस्ता फार सुंदर आहे, गाव काही सापडलं नाही. समुद्रावरची मासळी सगळ्यांना आवडली, आता दर शनिवारी तिकडेच पाठवू. तू पाटी नाही फोडलीस रे. माझं पोर घालवलंस."

सप्टेंबरात वार्दिसनेच गाडीतून मुलाला बंदरावर पोचवलं. फाट्यावर दोघांनीही मान वळवली नाही. परतताना मात्र तो थांबला, मला सरळ करून नवा बोल्ट घातला आणि आणलेल्या रंगाने पत्र्यावर गावाचं नाव लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली, कारण भोकांवरून ब्रश अडखळत होता. त्याने परक्यांची अक्षरंही लिहायला घेतली, पण ती त्याला येत नव्हती. ती ओळ मोकळीच राहिली.

त्यानंतर मला एकही गोळी लागली नाही. लोक सुधारले असं समजू नका. गेल्या सात वर्षांत पेत्रोखोरीत लग्नच झालेलं नाही.

मित्रांनो, पाटी गावकऱ्यांसाठी नसते. त्यांना वाट पाठ असते. जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी ती उभी असते, म्हणून तिला जपा. तुमच्या गावच्या पाटीवर पोस्टर चिकटवताना, दगड मारताना, नेत्याचा फोटो टांगताना त्या न आलेल्या माणसाची आठवण ठेवा. माझं ऐकायला इथे आता वार्दिसच तेवढा उरला आहे.

तो दर शनिवारी सकाळी येतो, धुतलेला सदरा घालून. चढाकडे तोंड करून माझ्याशेजारी उभा राहतो आणि सायकलवाले वळणावर दिसले की उजवा हात उचलून गावाची वाट दाखवतो. हात खाली घेत नाही. त्यांना वाटतं, म्हातारा नमस्कार करतोय. तेही हसून हात हलवतात आणि उताराला लागतात.