मागे उभं राहायचं शिक्षण

शिट्टी देवयानीनं पहिल्याच दिवशी काढून घेतली. "आई, शिट्टी नाही," म्हणाली आणि हात पुढे केला. एकतीस वर्षं सांगलीच्या शाळेत मी पी.टी. शिकवली, हेडमास्तरांचीही कधी माझ्या शिट्टीला हात लावायची हिंमत झाली नाही. पण ही माझी सून, आणि ती जागा तिची. दिली काढून.

मुलगा, शंतनु, सॉल्ट लेकला आयटीत आहे. रिटायर झाल्यावर मी त्याच्याकडे कोलकात्याला राहायला आले. देवयानी इथेच वाढली. तिचे वडील बँकेच्या बदलीवर आले आणि इथलेच होऊन गेले. "मला भूक लागला" असलं तिचं मराठी ऐकून मी पहिले सहा महिने कपाळावर हात मारायची. आता मारत नाही. तिचं काम बघितल्यापासून तिच्या मराठीला नावं ठेवायची माझी टाप नाही.

काम बराकपूरला. ज्या बायकांना कुणीतरी विकलं, कोंडलं, मारलं, अशा बायका तिथल्या एका दुमजली घरात राहतात आणि देवयानी त्यांच्यावर उपचार करते. मला वाटायचं, समोर बसवून बोलतं करत असेल. तर नाही. ती त्यांना श्वास घ्यायला लावते, चालायला लावते, हात उघडायला लावते. म्हणते, "आई, धोका संपला हे मनाला सांगून पटत नाही. ते अंगाला कळायला पाहिजे." मी एकदा तिच्याबरोबर गेले, अर्धा तास बघितलं आणि नाक मुरडलं. "नुसते हात काय हलवतेस? आवाज कुठाय? लेझीम दे यांच्या हातात." मी आपलं बोलून गेले. तिनं मात्र ते धरून ठेवलं. तिथल्या बायका भांडं पडलं तरी दचकत, स्वतः खोकायच्या तरी तोंडावर हात धरून. आपल्या हातानं, आपल्या मर्जीनं आवाज करायचा, ही गोष्ट तिला औषधासारखी वाटली.

इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या मिरवणुकीच्या लेझमी होत्या. सेक्रेटरी प्रभाकर कुलकर्णी म्हणाले, "मंगलाताई, गणपती तर सप्टेंबरात." मी म्हटलं, "तुमचा गणपती सप्टेंबरात, माझा मंगळवारी-शुक्रवारी." गप किल्ली दिली त्यांनी.

सुरू करण्याआधी देवयानीनं नियम सांगितला. एकच. कुणालाही न विचारता हात लावायचा नाही. "विसराल," ती म्हणाली. "मी काय लहान आहे?" मी म्हटलं.

अकरा जणी होत्या. त्यातली झुमा शेवटच्या रांगेत, पाठ भिंतीला लावून. वय तेवीस, कॅनिंगकडची, हाडापेरानं बारीक. तिच्यावर काय गुदरलं ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे, ती सांगेल तिथे सांगेल. आणि सांगायची वेळ आलीच होती. ज्या माणसानं तिला दोन वर्षं डांबून ठेवलं त्याच्यावर खटला उभा होता. आधीच्या तारखेला ती साक्षीला उभी राहिली, मागून कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला आणि तिची वाचाच बसली. एक शब्द फुटला नाही. आता फेब्रुवारीतली तारीख मिळाली होती. त्या दिवशीही ती बोलली नाही तर तो सुटण्याचीच भीती होती. हे मला देवयानीनं सगळं आधी सांगितलं होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

पहिले चार तास झकास गेले. "चार आवाज" जमायला लागले. लेझीम खाली, वर, खाली, वर, आणि अकरा जणींचा एक ठेका. पाचव्या तासाला माझ्यातली मास्तरीण जागी झाली. रांग वाकडी दिसत होती. कोपऱ्यात झुमा भिंतीला चिकटलेली, बाकीच्या दोन पावलं पुढे. "झुमा, आगे, आगे, लाइन सीधी!" मी म्हटलं. आली बिचारी पुढे. मग मी माझ्या सवयीनं रांगेच्या मागून चालत गेले, आणि तिचं कोपर खाली पडलंय असं दिसल्यावर मागूनच ते दोन बोटांनी वर उचललं. एकतीस वर्षं हजारो पोरींची कोपरं मी अशीच उचलली आहेत.

लेझीम फरशीवर आपटली. झुमा खाली बसली, गुडघ्यात डोकं, दोन्ही हात मानेवर. तोंडातून आवाज नाही. देवयानी आली, तिच्यापासून चार हात लांब फरशीवर बसली आणि हळू आवाजात, न थांबता, बंगालीत बोलत राहिली. ही खिडकी, ही फरशी, आज शुक्रवार, मी देवयानी. वीस मिनिटं. मी तिथेच उभी, माझी ती दोन बोटं कुठे ठेवावीत ते मला कळेना.

त्यानंतर झुमा वरच्या खोलीतून खाली येईना. तारखेला अठरा दिवस उरले होते.

देवयानी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. परतीच्या गाडीत मीच म्हटलं, "बोल काय बोलायचं ते." ती म्हणाली, "मला नको, तिला बोला. सॉरी म्हणा. पण कारण सांगू नका."

कारण सांगायचं नाही! माझ्याकडे तर कारणांची रांग लागली होती. सवय, वय, चांगला हेतू, सरळ रांग. जन्मात कधी विद्यार्थिनीची माफी मागितली नव्हती. मंगळवारी वर गेले, उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "झुमा, मी तुला न विचारता हात लावला. तुझी भिंत सोडायला लावली. चूक माझी." पुढे जिभेवर आलेलं सगळं गिळलं. जड गेलं, खोटं कशाला सांगू.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दिदिमोनी, तुम्ही समोर उभ्या राहा. मी सांगेन."

दिदिमोनी म्हणजे बाई, शाळेतल्या. आणि "मी सांगेन" म्हणजे खरोखरच ती सांगणार होती. खाली आली, भिंतीला पाठ लावली आणि अंक मोजायला लागली. मी रांगेत. ती म्हणेल तेव्हा लेझीम खाली, ती म्हणेल तेव्हा वर. आवाज इतका बारीक की पहिल्या दिवशी आम्हाला तिच्या ओठांकडे बघून ठेका धरावा लागला.

तीन दिवसांनी झुमानंच देवयानीला विचारलं, कोर्टात मागे भिंत असेल का? देवयानीनं तिला कधीही खोटं सांगितलं नव्हतं. "नसेल," ती म्हणाली. "मग आत्तापासून सरावाला मागे दिदिमोनींना उभं करा," झुमा म्हणाली. "लांब."

देवयानीनं त्याचा रीतसर सराव बसवला. रोज वीस मिनिटं. झुमा खोलीच्या मधोमध, पाठ माझ्याकडे. मी दारापाशी. ती "आशुन" म्हणाली की मी एक पाऊल यायचं, "थामुन" म्हणाली की थांबायचं. पहिल्या दिवशी मी एकच पाऊल टाकलं. तिचे खांदे कानाला लागले होते, पण ती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन. एकदा पाच झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकावर आलो. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. देवयानी म्हणाली, "एकावर थांबवलं ना तिनं? थांबवू शकली ना?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आम्ही अंतर कमी करायला आलोच नव्हतो.

तारखेच्या चार दिवस आधी मी सातव्या पावलावर उभी होते. माझा डावा गुडघा दगाबाज आहे. तोल गेला आणि पाऊल पुढे पडलं, तिनं न म्हणता.

झुमा गर्रकन वळली. मला वाटलं, झालं, पुन्हा बसणार ती. पण ती बसली नाही. डोळे मोठे करून, हात कमरेवर ठेवून, अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मी म्हटलं होतं का? मागे व्हा!"

मी मागे झाले. एक नाही, तीन पावलं. एवढ्या वर्षांत मला असं कुणी झापलं नव्हतं, आणि कुणाचं बोलणं ऐकून इतकं बरंही वाटलं नव्हतं. दारात देवयानी तोंडावर ओढणी धरून उभी होती. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

तारखेला आम्ही तिघी गेलो. साक्ष बंद दाराआड होती. आधार म्हणून एकीला आत बसायची परवानगी मिळाली होती, ती देवयानी. मी बाहेर बाकावर, शेजारी झुमाला घेऊन आलेली पोलीस शिपाईबाई. अकराला दार लागलं. बारा वाजले, एक वाजला.  कान दाराला लावावेसे वाटत होते आणि माणसं बघत होती म्हणून लावता येत नव्हते.

अडीचला दार उघडलं. आधी देवयानी आली. माझे दोन्ही हात धरले, आणि तिचं ते मोडकं मराठी धबधब्यासारखं सुटलं. आरोपीचा वकील प्रश्न विचारत विचारत झुमाच्या मागे जाऊन उभा राहिला होता. झुमा गप्प झाली. देवयानी मनात मोजत होती, एक, दोन, तीन. आणि मग झुमा जजसाहेबांना म्हणाली, "हे माझ्या मागे उभे आहेत. त्यांना समोर यायला सांगा. मी उत्तर देते." जजनी वकिलाला समोर घेतलं. आणि पोरीनं उत्तर दिलं. एक नाही, सगळी. आरोपी दिसू नये म्हणून लावलेल्या पडद्यापलीकडे तो माणूस बसलेला असताना, तारखा, गावं, नावं, दारांचे रंगसुद्धा.

निकाल लागायचाय अजून. काय लागेल ते वकील जाणे. मला त्या दिवशी जे बघायचं होतं ते झुमाच्या चेहऱ्यावर होतं. ती बाहेर आली, घामानं निथळलेली, पण मान ताठ. एवढ्या वर्षांत कितीतरी पोरी मी जिल्ह्याला नेल्या, ढाली आणल्या, फोटो काढले. इतका अभिमान मला एकीचाही वाटला नव्हता. माझ्या सुनेचाही तेवढाच वाटला, आणि तो मी तिथल्या तिथे तिला बोलून दाखवला. घरी गेल्यावर बोलू म्हटलं असतं तर राहून गेलं असतं.

शिपाईबाईनं रजिस्टर काढलं. झुमाला परत नेताना बरोबर कोण येणार, त्यांची नावं हवी होती. देवयानीचं लिहून झालं. मग माझ्याकडे बघून तिनं हिंदीत विचारलं, "आणि तुम्ही कोण? मुलीची आई? शिकवणाऱ्या बाई?"

मी  झुमाकडे बघितलं. काय सांगायचं ते तिनं ठरवायचं होतं.

झुमानं ओढणीनं कपाळ पुसलं. "लिहा," ती म्हणाली, "या माझ्या मागे उभ्या राहतात."